यादीत नसलेली वाडी

जिल्हा बैठकीला कापसाचा भाव, पीकविमा आणि कर्ज असे आपले नेहमीचे विषय असताना अंकाचे पहिले पान कोकणातल्या एका डोंगरवाडीवर का खर्च केले, असे आपल्यापैकी काहीजण विचारतील. प्रश्न रास्त आहे. आपण काळ्या रानाचे लोक. आपल्याकडे पाऊस येत नाही म्हणून माणूस मरतो, तिथे पाऊस आला म्हणून मेला. पण दोघांच्या मरणाआधी सरकारदरबारी जे घडते, किंवा घडायचे राहते, ते एकच असते. म्हणून ही हकिकत.

रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात चौक गावाजवळ इर्शाळगड नावाचा सुळका आहे. त्याच्या कुशीत इर्शाळवाडी होती. ४८ कुटुंबे, २२८ माणसे, सारे ठाकर आदिवासी. वाडीला रस्ता नव्हता, पाऊलवाटेने तासाभराहून अधिक चढ चढावा लागे. १९ जुलै २०२३ च्या रात्री वरचा डोंगर सुटला आणि निजलेल्या घरांवर आला. आदल्या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. आपल्या कोरडवाहू पट्ट्यात पुष्कळ वर्षी सबंध हंगामात याच्या दीडपट पावसावर कापूस आणि ज्वारी दोन्ही काढावी लागते, एवढे सांगितले म्हणजे अंदाज येईल. जेसीबी वर जाऊ शकला नाही, ढगांमुळे हेलिकॉप्टर उतरू शकले नाही. जवानांनी, गिर्यारोहकांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. ती मातीतच राहिली. काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. आई-बाप गेले आणि लेकरे उरली, अशी घरे झाली.

दुसऱ्याच दिवशी विधानसभेत सरकारने सांगितले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

या वाक्यापाशी थांबले पाहिजे. सरकार खोटे बोलले नाही, वाडी यादीत खरेच नव्हती. पण ती का नव्हती? याचे उत्तर २०२३ च्या पावसात सापडत नाही. त्यासाठी शंभर-दीडशे वर्षे मागे जावे लागते.

डोंगरावर कोणी ढकलले?

कर्जत-खालापूरच्या डोंगरात ठाकर आणि कातकरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून घर उभे करायचे, झाडाच्या फांद्या छाटून राब भाजायचा, त्या राखेत नाचणी-वरीचे रोप तयार करायचे आणि उतारावर लावायचे, ही त्यांची शेती. कृषी महाविद्यालयात आम्हाला ही शेती मागासलेली म्हणून शिकवली गेली. पुढे तिथल्या उतारांवर हिंडलो तेव्हा कळले, की हातभर मातीत आणि बैल उभा राहणार नाही अशा चढावर दुसरे काही पिकतच नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने चांगल्या जाती काढल्या, त्याचे मोल आम्ही जाणतो. पण त्या खाचरासाठी आहेत, आणि खाचर होते खाली, दुसऱ्याच्या मालकीचे.

इंग्रज आले आणि जंगल सरकारचे झाले. त्यांनी कुलाबा जिल्ह्यातल्या आदिवासींना जंगलातले काही तुकडे कसायला दिले. त्यांना 'दळी' म्हणत. दळी कसायची मुभा होती, मालकी नव्हती. आजा कसतो, बाप कसतो, नातू कसतो आणि सातबारा मात्र सरकारचा. १९७५ साली खाजगी वने संपादन कायदा आला, तेव्हा कसणाऱ्यांची आणखी काही जमीन वनखात्याच्या कागदावर चढली.

सपाटीची भातजमीन सावकार आणि जमीनदारांकडे. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की ठाकर खावटीला सावकाराच्या दारात उभा राही आणि सुगीला दीडपट-दुपटीने फेडी. आपल्याकडच्या सावकारीत आणि या सावकारीत एवढाच फरक की आपला बाप कपाशी घालून फेडत होता, तिथला भात घालून.

याविरुद्ध त्या डोंगरात लढा झाला नाही असे नाही. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून कर्जत भागात धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभा केला. त्यात शेतकरी होते, आदिवासी होते. मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे या दस्त्याने पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर २ जानेवारीला तिथे लोक जमतात, हार पडतात. पण ज्या माणसांच्या वाटेने आणि ज्यांच्या भाकरीवर तो दस्ता डोंगरात टिकला, त्यांच्या वाड्यांना त्यानंतर ऐंशी वर्षे रस्ता मिळू नये याला काय म्हणावे?

डोंगराने काय दिले, काय मिळाले

त्या डोंगराने शहरांना काय काय दिले ते मोजा. सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधून खोपोलीला वीज तयार होऊ लागली ती १९१५ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांसाठी. नवी मुंबईच्या नळाला पाणी येते ते खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचे आणि हे धरण इर्शाळगडाच्या पायथ्याशीच आहे. वाडीतल्या बाया डोंगरात हंडा घेऊन झऱ्यावर जात आणि खाली शहराचे पाणी चमकताना दिसे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग याच तालुक्यातून जातो. महामार्गाला डोंगर फोडता येतो. धरणाला दरी अडवता येते. ४८ घरांना पाऊलवाटेचा रस्ता करायचा म्हटले की मधे वनखात्याची जमीन येते.

इथे कायदा आडवा येतो हे म्हणणेही पूर्ण खरे नाही. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की रस्ता, शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी अशा कामांसाठी एक हेक्टरच्या आत आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेने शिफारस केल्यावर वनजमीन देता येते. याच कायद्याने कसत्या जमिनीचा चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो, आणि दळीवाल्यांचे दावेही त्यातच बसतात. पण शिफारस करायची ग्रामसभेने, आणि वाडीची ग्रामसभा भरते खालच्या मोठ्या गावात. पेसा कायद्याने पाड्याला स्वतःची ग्रामसभा घेता येते, पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून तो कायदा इथे लागू नाही. डोंगरात आदिवासी आहे आणि कागदावर आदिवासी क्षेत्र नाही.

आता कळेल की वाडी यादीत का नव्हती. जमिनीच्या यादीत ती नव्हती, रस्त्याच्या यादीत नव्हती, ग्रामसभेत तिचा आवाज नव्हता. मग धोक्याच्या यादीत तेवढी ती कशी असेल?

आणि यादीत असून तरी काय होते? २५-२६ जुलै २००५ ला महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण इथे दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव गाडले गेले, १५१ माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याची खबर एस.टी.च्या चालकाने दिली. २२ जुलै २०२१ ला महाडच्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. दर वेळी पाहणी, दर वेळी अहवाल, दर वेळी वारसाला मदत. दर वेळी महिना जुलै. तारीख निसर्ग जवळजवळ ठरवून देतो आणि तरी आपण बेसावध सापडतो.

आपला त्यात काय संबंध?

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, यादी हा शब्द आपल्याला नवा नाही. २०१७ च्या कर्जमाफीत हिरव्या यादीत नाव आले का हे पाहायला आपण किती खेटे घातले ते आठवा. पावसाचे माप मंडळाच्या एका यंत्रावर. तिथे २४ तासांत ६५ मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी, तुमच्या शिवारात नदी वाहिली तरी यंत्र कोरडे असेल तर काही नाही. पैसेवारी ५१ निघाली की दुष्काळ नाही, असा हिशेब वर्षानुवर्षे चालला. तुमचे शेत तुम्हाला ठाऊक, पण नुकसान खरे की खोटे हे ठरवणार कागद. इर्शाळवाडीची गोष्ट ही याच कागदाची शेवटची पायरी आहे. आपल्याकडे कागद पीक नाकारतो. तिथे त्याने वाडीच नाकारली.

डोंगर कसा सुटतो हे शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. खाली काळा कातळ, वर मुरूम आणि माती. पाणी मुरत मुरत कातळापर्यंत जाते आणि तिथे अडते. वरचा थर भिजून जड होतो, खालची पकड सुटते. बांध फुगून फुटतो तसेच. फुटण्याआधी पुष्कळदा डोंगर खुणा देतो. जमिनीला भेगा पडतात, झाडे आणि खांब कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा नवीनच झरा फुटतो, घराची दारे अडकू लागतात. या खुणा वाडीतल्या म्हाताऱ्याला उपग्रहाच्या आधी दिसतात. फक्त त्याने सांगितले तर ऐकणारे कोणी पाहिजे, आणि रात्री उतरायला वाट आणि उतरल्यावर निवारा पाहिजे.

वाचलेल्यांना आधी पत्र्याच्या कंटेनरमध्ये ठेवले आणि चौकजवळ सिडकोकडून ४४ पक्की घरे बांधण्याचे ठरले. घर मिळाले पाहिजेच. पण शेतकऱ्याचे पुनर्वसन घराने पुरे होत नाही. नाचणीचे रान वर आणि चूल खाली, शेळ्या बांधायला जागा नाही, सरपण नाही, तर माणूस मजूर होतो. माळ्यावरचे बियाणे संपले की शेतकरी संपतो, हे धरणात गेलेल्या प्रत्येक गावाने पाहिले आहे.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार ठराव ठेवत आहोत.

१. धोक्याच्या वाड्यांची यादी ग्रामसभेने आणि वाडीतल्या माणसांनी सांगितल्याप्रमाणे करावी. भूवैज्ञानिकांनी ती तपासावी आणि मे महिन्यात चावडीवर लावावी.

२. रस्ता नसलेल्या प्रत्येक वाडीला वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली वाट द्यावी.

३. दळी जमिनीचे आणि वनहक्काचे रखडलेले दावे निकाली काढावेत, म्हणजे वाडी हलवावी लागली तरी जमीन हातची जाणार नाही.

४. आपल्या जिल्ह्यात पाऊस आणि नुकसान गावपातळीवर मोजावे. मंडळाचे एक यंत्र आम्हाला मान्य नाही.

पहिले तीन डोंगराचे, चौथा रानाचा. चारही ठराव एकाच कागदावर, एकाच सहीने जावेत. ठाकराच्या दाव्यावर कापूसवाल्याची सही आणि कापूसवाल्याच्या निवेदनावर ठाकराचा अंगठा पडला, तर त्या कागदाला वजन येईल. सुट्या सुट्या कागदांचे काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे.