‘लिहिताना मी काही वाचत नाही’ म्हणणाऱ्या लेखकांना…

मंडळी, पोस्ट लांब आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये उरकणार नाही. पण विषय आपल्या गावाचा आहे, म्हणून वाचा.

हल्ली आपल्याकडे पुस्तक प्रकाशनाचा कार्यक्रम झाला की लेखक माईक हातात घेऊन एक वाक्य हमखास टाकतो. ‘हे पुस्तक लिहिताना मी दुसरं काहीही वाचलं नाही. प्रभाव पडू नये म्हणून.’ लगेच टाळ्या. मी वीसेक वर्षं असे कार्यक्रम कव्हर करतोय. पूर्वी हे वाक्य एखादा कवी लाजत लाजत बोलायचा, आता ते पदक असल्यासारखं छातीवर लावतात. मला त्या टाळ्यांवर बोलायचंय.

हे वाक्य कुठल्या गावात बोललं जातंय ते आधी बघा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. ते उभं करण्यात पुढे होते विनायक लक्ष्मण भावे. याच भाव्यांनी नंतर ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं, म्हणजे मराठी वाङ्मयाचा इतिहास. आधी ग्रंथ गोळा केले, जुन्या कवींच्या पोथ्या शोधल्या, वाचल्या आणि मग लिहिलं. ‘प्रभाव पडेल’ म्हणून भावे पोथ्या बांधून बसले असते तर आपल्या हातात काय आलं असतं? याच पट्ट्यात 2010 ला ठाण्यात आणि 2017 ला डोंबिवलीत अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. तेव्हा मांडव घालायला आपण सगळे पुढे. वाचायची वेळ आली की ‘प्रभाव पडतो’!

आता समोरच्याची बाजू. भीती अगदीच खोटी नाही. जोरकस शैलीचा एखादा लेखक सलग आठवडाभर वाचा, तुमची वाक्यं त्याच्या चालीवर चालायला लागतात. कादंबरीच्या मधोमध हे झालं तर त्रास होतो, हे मान्य. पण त्याचा अर्थ इतकाच की एकाच माणसाचं वाचू नका. कादंबरी लिहीत असाल तर त्या दिवसांत इतिहास वाचा, प्रवासवर्णन वाचा, जुनी पोथी वाचा. एका पुस्तकाचा प्रभाव दिसतो. शंभर पुस्तकांचा दिसत नाही, तो मुरतो.

आणि आपल्या भाषेत याचा निकाल चारशे वर्षांपूर्वीच लागलाय. पैठणच्या एकनाथांचं भागवत 1573 ला पूर्ण झालं. 1584 ला त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. म्हणजे दुसऱ्याचा ग्रंथ ओवी ओवी तपासत बसले. त्यानंतरही लिहीतच राहिले. 1599 ला गेले तेव्हा भावार्थ रामायण हातात अपुरं होतं. लिहित्या आयुष्याच्या ऐन मध्यावर ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ इतक्या जवळून वाचला, मग एकनाथांचा आवाज हरवला का? त्यांचं भारूड ऐकून कोणी ‘हे ज्ञानेश्वरांचं वाटतं’ म्हणालंय का? स्वतः ज्ञानेश्वर ग्रंथाच्या शेवटी सांगतात की व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना वाट विचारत आपण आलो. तुकोबा सांगतात की आधी संतांची वचनं पाठ केली. या तिघांना प्रभावाची भीती नव्हती, आणि आपल्या माईकवाल्याला आहे.

इथे कोणीतरी कमेंटमध्ये बहिणाबाईंचं नाव घेणारच. त्यांना तर लिहिता-वाचता येत नव्हतं! बरोबर. पण ओवी त्यांनी घरी बसून शोधून काढली नव्हती. जात्यावर, शेतात, कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं त्यांच्या कानात भरलेलं होतं. बहिणाबाईंचं वाचनालय कानात होतं. तुमचं कुठे आहे, ते सांगा.

खरं सांगू? ‘काहीच वाचत नाही’ असा माणूस आता उरलाच नाहीये. पुस्तक बंद केलं तरी मोबाईल चालूच असतो. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपचे सुविचार, दुपारी रील्स, रात्री मालिका. प्रभाव पडायचा थांबत नाही, फक्त तो कोणाचा पडणार हे तुमच्याऐवजी मोबाईल ठरवतो. म्हणून तर कित्येक नव्या पुस्तकांतली वाक्यं फॉरवर्ड मेसेजसारखी वाटतात. आणि ज्याने वाचलेलंच नाही त्याला आपण जे ‘नवीन’ म्हणून लिहितोय ते तीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून गेलंय, हे कळणार कसं?

कवितेपुरतं हे असतं तर मी गप्प बसलो असतो. जो तो आपल्या मनाचा राजा. पण हीच फॅशन आता गावाच्या इतिहासात शिरलीय, आणि तिथे हा सार्वजनिक प्रश्न होतो. आमच्या कोलशेतचंच घ्या. खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव, मग एअरफोर्सचं स्टेशन, कारखाने, आणि आता टॉवर. डोळ्यांदेखत गाव बदललं. यावर कोणी लिहीत असेल तर मला आनंदच आहे. पण ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी अमलातलं गॅझेटियर, 1882 चं, न उघडता? सात-बारा, जुने फेरफार न बघता? आधी कोणी काय लिहिलंय ते न तपासता? मग ऐकीव सनावळी छापली जाते. ती शाळेच्या प्रकल्पात उतरते, मंडळाच्या फ्लेक्सवर चढते, आणि दहा वर्षांनी तीच ‘पुरावा’ म्हणून दाखवली जाते. जमिनीच्या आणि गावठाणाच्या भांडणात चुकीचं छापलेलं एक पान किती महाग पडतं, हे भूमिपुत्रांना मी सांगायला नको.

मग करायचं काय? तीन साध्या गोष्टी.

एक, आयोजकांनी प्रत्येक लेखकाला स्टेजवर एकच प्रश्न विचारावा, ‘हे लिहिताना काय काय वाचलंत?’ उत्तर नसेल तर टाळ्या जपून वाजवा.

दोन, गावावर लिहिणाऱ्याने वाचलेल्या पुस्तकांची आणि कागदांची यादी शेवटी छापावी. दोन पानं वाढतील, वाढू देत.

तीन, नगरसेवक आणि सोसायट्यांना विनंती. टॉवरमध्ये जिम होते, स्विमिंग पूल होतो, मग चार टेबलांची अभ्यासिका आणि दोन कपाटं पुस्तकं का नाहीत? कोलशेतहून ठाण्याचं ग्रंथसंग्रहालय गाठायचं तर घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांखाली अर्धा दिवस जातो. दरवर्षी 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो टाकता, तेवढ्या उत्साहात एक खोली द्या.

भात लावण्याआधी शेतकरी शेजारच्याची खाचरं बघून येतो. त्याने त्याचं पीक शेजाऱ्याचं होत नाही.

पटलं नाही तर खाली भांडा. पण एखादं पुस्तक वाचून या.