टीव्हीतले ठिपके आणि आपली नजर



हल्ली टीव्ही घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो "फोर-के घेताय ना?" चित्र कसं दिसतं, बसणार किती लांब, बघणार काय, हे कोणी विचारत नाही. हा क्रमच उलटा आहे असं माझं मत आहे. मी मराठी-इतिहासाचा मास्तर, विज्ञानाचा नव्हे. पण गुणाकार-भागाकार येतात, आणि इथे तेवढे पुरतात.

निमित्त झालं धाकट्या बहिणीच्या घरचं. मेहुण्यांना काचबिंदू आहे. वाचन जवळजवळ सुटलं, सोबत उरली ती क्रिकेट आणि बातम्यांची. पण धावफलकाचे आकडे दिसत नाहीत, म्हणून दर षटकाला "अगं, किती झाले?" अशी स्वयंपाकघरात हाक. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, माझ्या हाकांचं काही नाही रे, पण विचारायला यांनाच लाज वाटायला लागलीय. परवा मॅच चालू असताना टीव्ही बंदच करून टाकला." भाच्याने तोडगा काढला, "मामा, बत्तीस इंची एचडी रेडी फेकून देऊ, त्रेचाळीस इंची फोर-के आणू, आकडे काचेसारखे स्वच्छ दिसतील."

आता हे आकडे म्हणजे काय ते बघू. आलेखाचा कागद आठवा. मोठ्या चौकोनांत आंब्याचं पान रंगवलं तर कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, बारीक चौकोनांत तेच पान गुळगुळीत दिसतं. टीव्हीचे पिक्सेल म्हणजे हे चौकोन. बत्तीस इंची एचडी रेडी संचात ते बहुधा १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. फोर-केत ३८४० गुणिले २१६०, ८२,९४,४००. फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. ('एचडी रेडी' हा शिक्का युरोपातल्या उत्पादकांनी २००५ मध्ये काढला. किमान ७२० ओळी हव्यात आणि एचडी चित्र स्वीकारता यायला हवं, इतकाच त्याचा अर्थ. आपल्याकडे तो 'एचडी'च समजून घेतला जातो. म्हणून खोक्यावरचं नाव वाचू नका, आकडे वाचा.)

पण चौकोन बारीक झाले म्हणून डोळ्याला ते वेगळे दिसतीलच असं नाही. डोळ्यांच्या दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ साली केला. त्यामागचं गणित असं, की चांगली नजर एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखते. म्हणजे आठ फुटांवरून साधारण ०.७ मिलिमीटर. त्रेचाळीस इंची टीव्हीची रुंदी ९५ सेंटिमीटर, तिला १९२० ने भागा. एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे आठ फुटांवरून फुल एचडीचेच ठिपके निरोगी डोळ्याला सुटे दिसत नाहीत, मग फोर-केचे त्याहून निम्मे ठिपके कोण बघणार? काचबिंदूने उणावलेली नजर तर नाहीच नाही.

खरी मेख मला टीव्हीच्या मागे सापडली. सेट टॉप बॉक्स जुना, साध्या चॅनेलांचा, आणि टीव्हीला जोडलेला पिवळी-लाल-पांढरी अशा तीन वायरींनी. त्यातल्या पिवळीतूनच चित्र येतं, आणि तिच्यातून एचडी चित्र येऊच शकत नाही. साध्या चॅनेलचं चित्र फार तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपके. तेच ८३ लाख ठिपक्यांवर ताणलं तर टीव्ही मधल्या जागा अंदाजाने भरतो. गाळलेल्या जागा भरा, पण धडाच न वाचता! दुकानात झगमगतं ते खास दुकानासाठी बनवलेलं चित्र असतं. विक्रेत्याला "जरा साधं मराठी चॅनेल लावून दाखवा" म्हणून बघा :-)

मेहुण्यांच्या कामाचा आकडा ठिपक्यांचा नव्हताच, अक्षराच्या आकाराचा होता. खुर्ची आठ फुटांवरून पाच फुटांवर आणली तर अक्षर १.६ पट मोठं दिसतं, खर्च शून्य. बत्तीसच्या जागी पन्नास इंची घेतला तर आणखी दीडपटीहून थोडं जास्त. दोन्ही मिळून अडीचपट. त्रेचाळीस इंची फोर-के आठ फुटांवरच ठेवला असता तर जेमतेम १.३ पट.

फोर-के निरर्थक आहे असं माझं म्हणणं नाही. पाच फुटांवरून पन्नास इंची बघितला तर चांगल्या डोळ्याला फुल एचडीचे ठिपके किंचित जाणवतील, तिथे त्याचा उपयोग आहे. शिवाय आता मोठ्या आकारात बहुतेक संच फोर-केच मिळतात, मग नाही कशाला म्हणायचं? पण त्या अक्षरांसाठी आकारात तडजोड करू नये, आणि पेन्शनमधून साठवलेले पैसे तर मुळीच घालवू नयेत.

भाचा आधी हिरमुसला. मग त्याने स्वतःच एचडी बॉक्स मागवला, एचडीएमआय वायर लावली, क्रिकेटचं चॅनेल एचडीतलं घेतलं. खुर्ची मी सरकवली. जुन्याच बत्तीस इंचीवर धावा आणि गडी मेहुण्यांना वाचता आले. बातम्यांची सरकती पट्टी अजून येत नाही. पुढच्या महिन्यात पन्नास इंची बघायला जाणार आहोत. भिंतीवर आत्ताच वर्तमानपत्र चिकटवून त्याची जागा आखून ठेवली आहे, आणि दुकानात मेहुण्यांनाही घेऊन जायचं ठरलंय. टेप मी नेणार, पाच फूट मोजायला.