खलनायक मुलांच्या हाती द्यावा काय?

बालवाङ्मयाने मुलांच्या मनावर सुसंस्कार करावेत ही अपेक्षा फार जुनी आहे, आणि ती गैरवाजवी आहे असेही कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या पुस्तकाचा नायकच अवघ्या बारा वर्षांचा गुन्हेगार आहे, जो अपहरण करतो, खंडणी मागतो आणि अखेरीस पकडलाही जात नाही, त्या पुस्तकाचे काय करायचे? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्टेमिस फाउल’ या इंग्रजी कादंबरीने हा प्रश्न पालकांपुढे आणि शिक्षकांपुढे उभा केला. तिचे लेखक ओवेन कोल्फर हे आयर्लंडमधील वेक्सफर्डचे. व्यवसायाने ते प्राथमिक शिक्षक होते. पुढे या नायकाची आठ पुस्तकांची मालिका झाली आणि २०१२ मध्ये ती संपली. पहिल्या पुस्तकाने उपस्थित केलेला प्रश्न मात्र संपलेला नाही. त्याचे उत्तर असे की, हा खलनायक मुलांच्या हाती अवश्य द्यावा; आणि देताना त्याला सोवळे नेसवू नये.

आयर्लंडच्या लोककथांत लेप्रिकॉन नावाचा एक बुटका चांभार असतो. त्याच्यापाशी सोन्याने भरलेला हंडा असतो. त्याला जो पकडील त्याला सोने मिळते. पण पकडणाऱ्याची नजर क्षणभर ढळली की बुटका नाहीसा होतो. या कथांत हाव धरणारा माणूस नेहमीच फसतो. कोल्फर यांनी हा जुना डाव उलटा मांडला. त्यांच्या कादंबरीत हे अद्‌भुत लोक माणसांच्या भीतीने भूगर्भात राहायला गेले आहेत. त्यांची यंत्रविद्या माणसांहून पुढारलेली आहे, त्यांचे पोलीसदल आहे, कायदे आहेत, आणि ओलीस सोडविण्यासाठी राखून ठेवलेला निधीदेखील आहे. या सुसंघटित व्यवस्थेसमोर एक बारा वर्षांचा मुलगा उभा राहतो आणि नजर ढळू देत नाही.

आर्टेमिसचे घराणे पिढीजात गुन्हेगारांचे आहे. वडिलांनी रशियाशी नवी मालवाहतूक सुरू करण्याचा घाट घातला. तेथील गुंडांच्या टोळीने जहाज बुडविले आणि वडील बेपत्ता झाले. संपत्ती ओसरली. नवऱ्याच्या शोकाने आईचे मन बिघडले, आणि ती वाड्याच्या वरच्या मजल्यावरील अंधाऱ्या खोलीत पडून राहू लागली. घराण्याचे गेलेले वैभव परत आणण्यासाठी मुलगा भूगर्भातील पोलीसदलाच्या कॅप्टन हॉली शॉर्ट या अधिकारी स्त्रीला पळवितो आणि एक टन २४ कॅरट सोन्याची मागणी करतो.

करार पाळणारा लबाड

या मुलाची लबाडी कोणत्या जातीची आहे, हे नीट पाहिले पाहिजे. कथेच्या आरंभी तो व्हिएतनाममधील हो चि मिन्ह शहरात जातो. तेथे दारूच्या आहारी गेलेली एक परी त्याला सापडते. तिच्या जमातीचा गुप्त ग्रंथ त्याला अर्ध्या तासासाठी हवा असतो. तिला फसवून विष पाजले जाते आणि मग उताऱ्याच्या बदल्यात ग्रंथ मागितला जातो. अर्धा तास संपताच तो ग्रंथ परत करतो, शब्द दिल्याप्रमाणे उतारा देतो, आणि त्या उताऱ्याने तिचे व्यसनही सुटते. करार झाला, करार पाळला गेला, दोन्ही पक्षांचा लाभ झाला! बाजारपेठेच्या नीतिशास्त्रात याहून अधिक काही मागितले जात नाही. सौदा करण्यापूर्वी समोरच्याला निरुपाय कोणी केले, एवढाच प्रश्न ते नीतिशास्त्र सोयिस्करपणे विचारीत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात ‘ऐच्छिक विनिमय’ शिकविताना जी गोष्ट अनेक तास घेऊनही विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही, ती येथे एका प्रकरणात येऊन जाते.

ही केवळ कथेतील गंमत नव्हे. पुस्तक लिहिले गेले तेव्हा आयर्लंडमध्ये भरभराटीचा काळ होता. पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जाणाऱ्यांचा हा देश नव्वदीच्या दशकात युरोपातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांत गणला जाऊ लागला होता. २००८ मध्ये तेथील बँका कोसळू लागल्या आणि २०१० मध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्यापुढे हात पसरण्याची पाळी त्या देशावर आली. कोल्फर यांनी हे भाकीत केले होते असे म्हणणे हास्यास्पद होईल. परंतु सोने म्हणजेच सामर्थ्य हे ब्रीद मिरविणारे घराणे, आणि त्या ब्रीदावर वाढलेला एक एकाकी मुलगा, ही कल्पना त्या भरभराटीच्या वर्षांत एका शिक्षकाला सुचली, ही गोष्ट मात्र अर्थपूर्ण आहे.

अर्ध्या टनाचा हिशेब

पुस्तकाचे खरे मर्म शेवटी येते. भूगर्भातील पोलीस वाड्याभोवती काळच थांबवितात. सोने द्यायचे, ओलीस सोडवायचे आणि मग आतील सर्व जिवांना मारणारा बॉम्ब टाकून सोने परत घ्यायचे, असा त्यांचा बेत असतो. म्हणजे कायद्याचे रक्षकही धुतल्या तांदळासारखे नाहीत. काळ थांबतो त्या वेळी जो जागा असेल तो त्यात अडकतो. तो झोपी गेला तर निसटतो, असा तर्क आर्टेमिस बांधतो. त्या तर्कावर विसंबून तो स्वतः झोपेचे औषध घेतो, आणि पिढीजात सेवक बटलर व त्याची बहीण ज्युलिएट यांच्या पेयातही ते त्यांना न सांगता मिसळतो. तर्क बरोबर ठरतो म्हणून सर्व वाचतात. तो चुकला असता तर? ज्यांचे प्राण पणाला लागले त्यांना कोणी विचारले होते? हुशारीचा हा सर्वांत भयंकर दोष आहे. इतरांच्या वतीने निर्णय घेण्याचा आपल्याला अधिकारच आहे असे तिला वाटू लागते.

याच्या नेमके उलट वर्तन कैदेत असलेली हॉली करते. राक्षसी ट्रोलशी झुंजताना बटलर मरणाच्या दारी पोचतो, तेव्हा कोणताही सौदा न ठरविता ती आपली जादू खर्चून त्याला वाचविते. शत्रूच्या माणसाला दिलेल्या या जीवदानाला भाव नाही, पावती नाही. संपूर्ण कादंबरीत विनामूल्य झालेली ही जवळजवळ एकमेव गोष्ट आहे, आणि तिच्यामुळेच सर्व हिशेब बदलतात.

सोने हाती आल्यावर आर्टेमिस त्यातील अर्धे परत देतो आणि मोबदल्यात एकच गोष्ट मागतो: आईचे मन ताळ्यावर यावे. एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून द्यावी लागलेली दुसरी वस्तू, हे अर्थशास्त्राचे सूत्र आहे. त्या सूत्राप्रमाणे आईची किंमत अर्धा टन सोने ठरते. अर्धे तो ठेवून घेतो, ही गोष्ट अनेक सज्जनांना खटकते. पण कोल्फर यांचा प्रामाणिकपणा नेमका येथेच आहे. बारा वर्षांचा लोभी मुलगा एका रात्रीत संत झाला असता तर त्यावर एकाही मुलाने विश्वास ठेवला नसता. तो अर्धाच बदलतो, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पुढची सात पुस्तके लागतात.

दमनकाला शिक्षा

कथेतील लबाडाला शिक्षा झालीच पाहिजे, हा मोठ्या माणसांचा आग्रह मोठा पुरातन आहे. पंचतंत्रातील दमनक हा कोल्हा सिंह पिंगलक आणि बैल संजीवक यांची मैत्री कपटाने तोडतो. सिंह बैलाला मारतो आणि दमनक मंत्रिपदावर सुखाने राहतो. विष्णुशर्म्याला हा शेवट बदलावासा वाटला नाही. आठव्या शतकात हा ग्रंथ ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत गेला, तेव्हा दिम्ना म्हणजे दमनक याच्यावर खटला चालवून त्याला शिक्षा ठोठावणारे, मूळ संस्कृतात नसलेले एक प्रकरण त्यात आले. न्यायाची भूक भागली. पण कपट यशस्वीही होऊ शकते, तेव्हा सावध राहा, हा मूळ कथेचा इशारा बोथट झाला.

‘आर्टेमिस फाउल’च्या बाबतीत हेच घडले. २०२० मध्ये डिस्नेने त्यावर केनेथ ब्रॅना यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट काढला. त्यात हा मुलगा खंडणीखोर राहिला नाही. पळवून नेलेल्या वडिलांना सोडवू पाहणारा गुणी पुत्र झाला. खलनायकी दुसऱ्या पात्राकडे सोपविण्यात आली, आणि आजारी आई तर कथेतूनच गेली. गुन्हा गेला तसा पश्चात्तापही गेला. लोभ गेला तसा त्यागही गेला. मूळ पुस्तकाच्या चाहत्यांनी या सोज्ज्वळ आर्टेमिसला आपला मानले नाही, यात नवल नाही.

हुशारी कोणाच्या कामी?

मुले अनुकरणप्रिय असतात, त्यांना असे आदर्श देणे धोक्याचे नाही काय, असा आक्षेप उरतोच. तो झटकून टाकण्याजोगा नाही. या पुस्तकात हाणामारी आहे, यंत्रांचे नको तितके कौतुक आहे, आणि माती खाणाऱ्या बुटक्याच्या पोटातील वायूवर केलेले विनोद तर अभिरुचीला पेलवणारे नाहीत. परंतु मुले आर्टेमिसकडून गुन्हा शिकतील ही भीती अनाठायी आहे. पानांच्या तळाशी छापलेल्या गुप्त लिपीतील मजकूर उलगडत तासन्‌तास बसणारा वाचक खंडणीखोर होत नाही. झाला तर चिकाटीचा अभ्यासक होतो.

मराठी मुलाला हे पुस्तक परके वाटेल, हे खरे. आपल्याकडील फास्टर फेणे चतुर आहे, पण तो सदैव सत्पक्षाचा. १९३३ मध्ये साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधील श्यामही चुका करतो; पण त्याला वळण लावणारी आई जवळ आहे. आर्टेमिसची आई आहे, पण ती त्याला ओळखण्याच्या स्थितीत नाही. सद्‌सद्विवेक शिकविणारे माणूस घरात नसेल आणि बुद्धी मात्र अमाप असेल तर काय होईल, या प्रश्नाला तोंड देणारी ही कादंबरी आहे. एका अर्थी श्यामच्या कथेची ती दुसरी बाजूच होय.

आज घराघरांतून आणि शाळाशाळांतून ‘मुलगा हुशार आहे’ हे वाक्य अंतिम प्रमाणपत्रासारखे उच्चारले जाते. टक्के किती, प्रवेश कोठे मिळाला, पगार किती, याच मापांनी ती हुशारी मोजली जाते. ती कोणाच्या कामी येणार, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. या मापाने मोजायचे तर आर्टेमिस फाउल हा आदर्श विद्यार्थीच ठरतो! म्हणूनच त्याची कथा वर्गात वाचली जावी, आणि वाचून झाल्यावर शिक्षकांनी मुलांना एकच प्रश्न विचारावा: त्याने अर्धे सोने का दिले? उत्तरे निरनिराळी येतील. एखादा विद्यार्थी असेही विचारील की, सगळे का दिले नाही? त्याच्याशी वाद घालावा लागला तर तो तास सत्कारणी लागला असे खुशाल समजावे.