खाट निंबाखाली

आमच्या आदिलाबादेत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. गेल्या उन्हाळ्यात आत्याला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा वरच्या मजल्यावरचा वॉर्ड म्हणजे नुसती भट्टी. वीज गेली की जनरेटरची घरघर सुरू होईपर्यंत आम्ही पेपरने वारा घालत बसायचो.

कमी कार्बनचा दवाखाना म्हटलं की आधी छतावरचे सोलर पॅनेल आठवतात. मी इंजिनिअर, माझाही हिशोब तिथूनच सुरू झाला. पण मुळात वीजच कमी लागायला हवी ना! उत्तर-दक्षिण खिडक्या, रुंद ओसरी, पांढरं छत, भोवती झाडं. एसी ऑपरेशन थिएटर नि आयसीयूपुरता.

१९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' सुरू करणाऱ्या डॉ. अभय व राणी बंग यांचा शोधग्राममधला दवाखाना बघा. तिथे कारण कार्बन नव्हतं. गोंड पेशंटना मोठ्या इमारतीची भीती वाटायची. म्हणून त्यांनाच विचारून सुट्या, झोपडीवजा खोल्या बांधल्या, नातेवाइकांची सोबत राहायची सोय केली, आणि नाव दिलं दंतेश्वरीचं.

गोंड, कोलाम आपल्या जिल्ह्यातही आहेत. इथल्या नव्या दवाखान्याचा नकाशा काढण्याआधी त्यांना कोण विचारणार? आत्याला मी विचारलं. म्हणाली, "माझी खाट निंबाखाली टाका, बाप्पा."