जर्मनचा पहिला वर्ग तिचा

बर्लिनच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागलेल्या मराठी इंजिनिअरचे इंग्रजीवर भागते. मीटिंगा इंग्रजीत, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पाही इंग्रजीत. मग ‘जर्मन काय, शिकू सावकाश’ असे घरात ठरते. या सावकाशीची झळ बसते ती बहुतेकदा मागाहून आलेल्या बायकोला.

कारण ऑफिसबाहेरचे शहर तिच्या वाट्याला येते. सरकारी कामकाजाची भाषा कायद्यानेच जर्मन. विम्याची, वीजबिलाची, घरमालकाची पत्रे जर्मनमध्ये. बालवाडीच्या, म्हणजे ‘किटा’च्या दारावर कागद लावलेला असतो: उद्या चिखलात खेळायची रबरी विजार आणि जादा कपडे पाठवा. तेवढे मोबाइलचा कॅमेरा धरून वाचता येते. पण मूल आज जेवले का, कोणाशी भांडले, हे तिथल्या बाई दारात उभ्या उभ्या सांगतात, तेव्हा ती नुसती मान हलवते. पुढे मूल फडाफडा जर्मन बोलू लागते आणि डॉक्टरांपुढे आईचे दुखणे सात वर्षांचे पोर सांगते. पोरावर ही वेळ येता कामा नये.

जर्मनीत राहणाऱ्या इतर अनेक परदेशी लोकांच्या जोडीदारांना तिथे येण्यापूर्वी जर्मनची ए-१, म्हणजे प्राथमिक पातळीची परीक्षा द्यावी लागते. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा परवाना असलेल्या इंजिनिअरच्या जोडीदाराला ती माफ आहे, शिवाय नोकरीची मुभा पहिल्या दिवसापासून. सवलत चांगलीच आहे. पण या सवलतीमुळे व्हिसाची वाट पाहण्याचे महिने पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात वा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून सत्कारणी लावायचे राहून जाते. तिकडे गेल्यावर सरकारी इंटिग्रेशन कोर्स असतो: ६०० तास भाषा आणि १०० तास त्या देशाचा कायदा, इतिहास, समाज. कुटुंबासोबत राहायला आलेल्यांना सहसा त्याचा हक्क मिळतो, पण परवाना हाती पडल्यापासून वर्षभरात नाव नोंदवले नाही तर तो जातो. घर लावण्यात आणि मुलाला किटात जागा शोधण्यात ते वर्ष कधी सरते, कळत नाही. नवऱ्याला निदान हिशेब माहीत असतो: ब्लू कार्डवर बी-१ ही वरची पातळी दाखवली तर कायमचा परवाना २१ महिन्यांत, ए-१ वर २७ महिन्यांत. तिच्या जर्मनचा असा हिशेब घरात कोणी मांडत नाही.

भाषा अवघड आहे, हे खरे. पण मराठी माणसाला तीन लिंगे नवी नाहीत, विभक्ती नव्या नाहीत. पंचेचाळीस म्हणताना आधी पाच आणि मग चाळीस, हे जर्मनमध्येही तसेच. वाक्याच्या शेवटी जाऊन बसणाऱ्या क्रियापदाने इंग्रज बिचकेल, आपण कशाला बिचकायचे?

अडचण व्याकरणाची कमी, वेळेची जास्त आहे. म्हणून नवऱ्याने आठवड्यातल्या वर्गाच्या संध्याकाळी मूल सांभाळावे आणि तिने जवळच्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे लोकांसाठीच्या सरकारी शिक्षणकेंद्रात जावे. बर्लिनच्या बाराही विभागांत ही केंद्रे आहेत. ज्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या जर्मनची फी भरतात, त्यांनी जोडीदाराचीही भरावी. हे नोकरीच्या करारावर सही करण्याआधीच मागून घ्यावे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. जाणाऱ्याला जर्मन शिकवायचे त्यात ठरले आहे. त्याच वर्गात त्याच्या बायकोसाठीही बाक ठेवावा.