बग पिल्लात नव्हता

कोंबडीचं पिल्लू आजारी पडलं तर आधी काय द्यायचं? गेल्या महिन्यापर्यंत मला कुणी विचारलं असतं तर मी बिनधास्त सांगितलं असतं, औषध! आज माझं उत्तर वेगळं आहे. ते बदलायला तीन पिल्लांचा जीव गेला, आणि चूक माझीच होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

झालं असं. आत्याने गावी गिरिराजाची एक दिवसाची 50 पिल्लं आणली होती. गोठ्याच्या एका कोपऱ्यात पत्र्याचं गोल कुंपण, खाली भाताचं तूस, वर 60 वॅटचे दोन पिवळे बल्ब. झालं ब्रूडर तयार. मी शुक्रवारी रात्री पोचलो, ते दोन "जुनाट" बल्ब बघितले आणि माझ्यातला इंजिनियर जागा झाला. सोबत आणलेले 9 वॅटचे दोन एलईडी लावून टाकले. प्रकाश तेवढाच, वीज 120 वरून 18 वॅट. ऑप्टिमायझेशन! आत्या तेव्हा झोपली होती, आणि मी स्वतःवर जाम खूश होतो :-)

सकाळी बघतो तर सगळी पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक चढलेली. खालची दोन मेली होती. पाच-सहा मलूल, पंख गळालेली, त्यातल्या तिघांची मागची बाजू विष्ठेने चिकटून बंद झालेली. मी घाबरलो. बाईक काढली आणि तालुक्याच्या दुकानातून एक अँटिबायोटिक घेऊन आलो. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "किती पिल्लं आहेत?" काय झालंय, हे त्यानेही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आत्याने बाटली हातात घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "अरे, त्यांना थंडी वाजतीय. तू बल्ब कुठले लावलेस?"

एवढंच. एका वाक्यात रूट कॉज!

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखता येत नाही. त्याच्या पाठीच्या उंचीवर साधारण 35 अंश सेल्सियस लागतं, मग दर आठवड्याला अंदाजे 3 अंश कमी करत जायचं. एलईडी उजेड देतो, ऊब नाही. आणि थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. दिव्याखाली गर्दी केली म्हणजे थंडी, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत बसली म्हणजे उकाडा, आणि सगळीकडे सारखी पसरून टिपत असली म्हणजे ठीक. इतका स्वच्छ लॉग आमच्या प्रॉडक्शन सर्व्हरलाही नसतो. वाचणारा पाहिजे, बस.

जुने बल्ब परत लागले. आजारी पिल्लं एका खोक्यात, वेगळ्या दिव्याखाली घेतली. चिकटलेली विष्ठा आत्याने कोमट पाण्यात कापूस बुडवून हळूहळू भिजवून काढली. कोरडी ओढायची नाही, कातडी निघते. मग पुसून कोरडं केलं, आणि चोचीचं टोक कोमट गूळपाण्यात बुडवलं. एकाला इतरांनी टोचून रक्त काढलं होतं, त्यालाही वेगळं ठेवलं. रक्त दिसलं की बाकीची पिल्लं तिथेच टोचत राहतात. वेगळं काढणं मला निष्ठुर वाटत होतं, खरं तर तेच त्याचं संरक्षण. संध्याकाळपर्यंत एक सोडून सगळी उभी राहिली. ते एक रात्री गेलं.

आता माझा मुद्दा. मी ती बाटली पाण्यात ओतली असती आणि योगायोगाने त्याच दिवशी ऊनही पडलं असतं, तर मी आयुष्यभर म्हणालो असतो की औषधाने गुण आला! आपण घरी तरी दुसरं काय करतो? बाटलीत एन्रोफ्लॉक्सॅसिन होतं, आपण घेतो त्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं सख्खं भावंड. जिवाणूंमध्ये त्याला दाद न देण्याची ताकद येते म्हणून अमेरिकेने 2005 साली कोंबड्यांसाठी ते बंद केलं. भारताने 2019 मध्ये कोलिस्टिनवर पशुपालनात बंदी घातली, कारण माणसासाठी ते शेवटच्या फळीतलं औषध आहे. आणि अंदाजाने देऊन उपयोग तरी काय? मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूचा रोग. त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, पहिल्या आठवड्यातली लासोटा लस वेळेवर द्यावी लागते. रक्ती हगवण परजीवीमुळे होते, तिचं औषध वेगळं. थंडीवर तर बाटलीच नसते.

कुणी म्हणेल, तुझ्या आत्याची 50 पिल्लं, पाच हजारवाल्याने काय प्रत्येकाला कापसाने पुसायचं? मान्य. त्याला एकेक पिल्लू वाचवता येणार नाही, आणि एक दिवस वाया गेला तर त्याचं कर्ज बुडतं, हेही खरं. पण तापमान, कोरडं तूस, स्वच्छ पाणी आणि आजारी पिल्लू लगेच वेगळं काढणं हे पाच हजारांनाही लागू आहेच. तरीही मरतूक थांबली नाही तर मेलेलं ताजं पिल्लू घेऊन पशुवैद्यकाकडे जावं. निदान झाल्यावर त्याने अँटिबायोटिक लिहून दिलं तर जरूर द्यावं, पूर्ण मात्रेत द्यावं. माझा विरोध औषधाला नाही, अंदाजाने मारलेल्या पॅचला आहे.

बाटली न फोडता परत द्यायला गेलो तर दुकानदार हसून म्हणाला, "ठेवा की, कधीतरी लागेलच." त्याच्या त्या "लागेलच"ची मला खरी भीती वाटते.

असो. 47 पिल्लं मजेत आहेत. माझे एलईडी आत्याने ओसरीवर लावलेत. उजेड छान पडतो म्हणते.