लोकप्रिय लेखकांचा हक्क

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांसाठी वाचनालयात नंबर लावणाऱ्या पिढीला वाचनाची गोडी या स्वस्त, पातळ पुस्तकांनीच लावली. तरीही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. हा अन्याय आहे.

सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ ही कादंबरी कॉलेजच्या पोरांनी हातोहात फिरवून वाचली. 2013 साली तिच्यावर सिनेमा आला आणि तुडुंब चालला. 2018 च्या ‘तुंबाड’ सिनेमातली भीतीही भयकथाकार नारायण धारपांच्या कथेतूनच उगवलेली. म्हणजे ज्यांना समीक्षकांनी दारात उभे केले नाही, त्यांच्याच कल्पनाशक्तीवर आजचा पडदा उभा राहतो.

स्वयंपाकघराचीही तीच गोष्ट. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’, म्हणजे पाककृतींचे पुस्तक, 1970 पासून घरोघरी आहे. लेकी परदेशी जाताना ती बॅगेत घालून नेतात. वाटी-चमच्याच्या मापात तिने मध्यमवर्गीय मराठी घराचे जेवण नोंदवून ठेवले, आणि तो सामाजिक इतिहासाचा अस्सल दस्तऐवज आहे.

अर्नाळकरांच्या जुन्या प्रतींची पाने आता हात लावताच तुटतात. विद्यापीठांनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी त्या तातडीने मिळवाव्यात, त्यांचे डिजिटायझेशन करावे. वाचकांनीही माळ्यावरचे गठ्ठे रद्दीत घालण्याआधी जवळच्या ग्रंथालयात विचारून पाहावे.